बारा ते चार

यिंगविल म्हणाली, सर्व्हरलेस.
मी विचारलं, म्हणजे सर्व्हरच नाही?
आहे की, म्हणाली, पण आपला नाही,
कुठे आहे ते विचारायचं नाही,
आणि जेवढा वेळ जागा राहील तेवढेच पैसे.
खेकडेवाल्यांच्या सोसायटीचा खजिनदार मी;
शेवटचं वाक्य मला लगेच कळलं.

स्टाइनवोगच्या धक्क्याला एकवीस होड्या.
कुठली होडी, कुठला फ्योर्ड, किती किलो, किती वाजता,
प्रत्येक पेटीची नोंद साखळीत जाते.
बर्गनला, ओसाकाला, आणखी कुठे कुठे
तीच नोंद, अक्षर न् अक्षर.
एकाने खोडलं तर बाकीचे ऐकत नाहीत.
त्यातला एक नोड आमचा असावा,
दुसऱ्याच्या वहीवर विसंबू नये,
हा ठराव माझा.
का, ते कुणी विचारलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य गेला.
यिंगविल जाळ्यांच्या खोलीत हीटरला पाय लावून बसायची,
म्हणायची, हा बघ, उठला.
उठतो तेव्हा आपण कोण हे त्याला ठाऊक नसतं.
शेवटचा आकडा बघतो,
शेजाऱ्यांना विचारतो, पुढे काय झालं,
एक ब्लॉक उतरवतो, तपासतो, लिहून ठेवतो
आणि मरतो.
झोपतो म्हण, मी म्हटलं.
नाही, झोपलेल्याला उठल्यावर आपलं नाव आठवतं.
पंधरा मिनिटांवर तर त्याला जगूच देत नाहीत.

मला यात नवल वाटलं नाही.
बोटीवर आमचा चार-चार तासांचा पहारा.
ज्याचा संपला तो बंकवर ओंडक्यासारखा,
ज्याचा सुरू झाला तो डोळे चोळत
आधी वही वाचायचा: वारा, दिशा, खोली, दिवे.
माणसं बदलायची, बोट जागी राहायची.
वही खरी असेल तर.

डिसेंबरात शेजारी तुटायला लागले.
आपण त्यांच्याकडे जातो, विचारतो, निघून येतो;
त्यांनी आपलं दार ठोठावलं तर आत कुणी नाही.
अशाला कोण किती दिवस ओळख देणार?
यिंगविल त्याला दर मिनिटाला उठवू लागली,
मग दर दहा सेकंदांनी.
जानेवारीचं बिल अकरा हजार चारशे क्रोनर.
मी ते तिच्यापुढे ठेवलं.
ती हसली, म्हणाली, चूक माझी.
रोजंदारीवर माणूस आणला
आणि त्याने जन्मभर घर राखावं असं धरून चालले.

फेब्रुवारीत तिने एक जुना संगणक आणला,
बोयांच्या शेजारी फळीवर ठेवला.
पंखा घरघरतो. वर चिठ्ठी: बंद करू नये.
तेव्हापासून मी रात्री तिथे जाऊन बसतो.
तो आपापला जागा राहतो, ती म्हणते,
तू कशाला?

सत्तावीस वर्षांपूर्वी, मार्चमध्ये,
बारा ते चार माझा पहारा होता.
डोळा लागला. किती वेळ, आजही सांगता येत नाही.
जाग आली तेव्हा हालवर डेकवर नव्हता.
त्याचा मग होता, कॉफी कोमट.
किनाऱ्याला लागायच्या आधी मी वहीत लिहिलं:
दोन वीस, सर्व ठीक.
दोन चाळीस, सर्व ठीक.
तीन पाच, हालवर दिसत नाही, शोध सुरू.
अक्षर सुरेख आहे, खाडाखोड नाही.
वही बंदराच्या कचेरीत आहे, कुणीही बघावी.
एकच प्रत.

काल यिंगविलला विचारलं,
यात मागे जाऊन काही बदलता येतं का?
मागे नाही, ती म्हणाली,
पण मागच्याबद्दल पुढे लिहिता येतं.
आणि कॉफी आणायला गेली.

मी नवी नोंद उघडली.
होडी: लिहिलं.
वेळ: लिहिलं, जमेल तसं.
वजन किलोमध्ये,
हा रकाना सोडून पुढे जाता येत नाही.